बेंजो काढलेलं गाणं

गाणं संपलं की प्रबुद्ध सगळ्यांच्या आधी बोलायचा. कुणी काही विचारायच्या आत. आम्ही त्याला उतावळा म्हणायचो. निहार म्हणायचा, याला वकील व्हायचं होतं, चुकून लिफ्टवाला झाला.

जो आधी बोलतो त्याला कुणाचं ऐकावं लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही चौघं. मी, निहार, तेजल आणि प्रबुद्ध. मुलुंड पूर्वेला तेजलच्या वडिलांचा शिकवणीचा क्लास आहे. लाकडी बाकं, फळा, भिंतीवर आवर्तसारणी. रविवारी दुपारी तो रिकामा असतो. तिथे आम्ही जमायचो आणि एकाच विषयावर भांडायचो. ‘राडारोडा’ या बँडचा पहिला अल्बम मोठा, की दुसरा.

राडारोडा हा मुलुंड-भांडुपकडच्या पोरांचा बँड. त्यांचा पहिला अल्बम ‘पुनर्विकास’ आला तेव्हा आम्ही अकरावी-बारावीत होतो. पाडलेल्या इमारती, भाड्याची घरं, बिल्डरच्या ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, असली गाणी मराठीत कुणी मोठ्याने म्हटलेली आम्ही तोवर ऐकली नव्हती. त्यातलं ‘संक्रमण शिबिर’ हे गाणं भांडणाचं मूळ. त्यात गिटारच्या वर बेंजो वाजतो. टाइपरायटरसारख्या कळा असलेला, वरातीत टेम्पोवर बसून वाजवतात तो. खंडू नावाच्या मुलाने तो वाजवला होता आणि तो किंचित बेसूर आहे.

निहार म्हणायचा, किंचित नाही, चांगलाच बेसूर आहे. पहिला अल्बम म्हणजे कच्चा माल, गॅरेजात रेकॉर्ड केलेला, गाणाऱ्याला धड श्वास घेता येत नाही. दुसऱ्यात ते शिकले. तेजलला दोन्हीतला ड्रमर आवडायचा, बाकी कशाशी देणंघेणं नाही. मी शब्दांवर बोलायचे. मी एम. ए. मराठी असल्यामुळे ते मला पुरतं बोलू द्यायचे आणि मग पुढे जायचे.

प्रबुद्ध पहिल्या अल्बमच्या बाजूने होता. पूर्णपणे. तो म्हणायचा, घर पाडलेल्या माणसाचा बेंजो सुरात कसा असेल? तो सुरात असता तर गाणं बिल्डरचं झालं असतं. दुसऱ्या अल्बमबद्दल तो फार बोलायचा नाही. “गुळगुळीत आहे,” एवढंच. निहार त्याला म्हातारा म्हणायचा. काका, तुमचा काळ गेला. प्रबुद्ध हसायचा. थोडा उशिरा हसायचा.

आमचा एक नियम होता. ज्याने ऐकलेलं नाही त्याने बोलायचं नाही. निहारने एकदा कुणाचा तरी लेख वाचून एका गाण्यावर तासभर भाषण ठोकलं होतं. गाणं त्याने ऐकलंच नव्हतं. तेव्हापासूनचा नियम. जो सापडेल त्याने उरलेला वेळ गप्प बसायचं आणि थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतायचा. नियम प्रबुद्धनेच केला होता.

प्रबुद्ध घाटकोपर पूर्वेला राहतो. वडील वाशीमकडून आलेले, महापालिकेच्या उद्यानात माळी होते. ते गेले. आई, वनमालाकाकू, घरात पाळणाघर चालवतात. पाचव्या मजल्यावर दोन खोल्या आणि सकाळपासून रडणारी मुलं. काकू मला कौतुकाने सांगायच्या, माझा प्रबुद्ध लहानपणापासून शांत. दहा पोरं एकदम रडली तरी हा झोपलेला असतो. मीही ते कौतुकच समजले.

शाळेपासून तो वस्तीतल्या बेंजो पार्टीत होता. खंडू त्याच्याच पार्टीतला. जयंतीची मिरवणूक, गणपती, लग्नाच्या वराती, हळदी. टेम्पोवर स्पीकरची भिंत आणि तिला पाठ लावून बसलेली ही मुलं. पुढे खंडू बँडमध्ये गेला. प्रबुद्ध आयटीआय करून लिफ्टच्या कंपनीत लागला.

आमची ओळखही लिफ्टमुळेच. मी मुलुंडला ज्या इमारतीत राहते तिथल्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती. एकदा मी तळमजल्यावर थांबले होते. आतून, वरून कुठून तरी, कुणीतरी पान्याने लोखंडावर ठेका धरत होतं. ‘संक्रमण शिबिर’चा ठेका होता. मी दारातून गाण्याची पुढची ओळ म्हटली. ठेका चालूच राहिला. मी मोठ्याने म्हटली. मग लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यातून एक डोकं वर आलं. तो बाळा, प्रबुद्धचा जोडीदार. लिफ्ट ज्यावरून सरकते त्या उभ्या रुळावर त्याने पान्याने एकदा ठोकलं. वरचा ठेका बंद झाला. बाळा म्हणाला, “मॅडम, त्याला नाय ऐकू जायचं वरती. मी सांगतो त्याला.”

मला वाटलं, वर आवाज पोचत नसेल.

असं बरंच होतं. तो फोन उचलायचा नाही, लिहून पाठव म्हणायचा. बसायचा ते स्पीकरला खेटून, तळवा त्याच्या लाकडावर ठेवून. निहार म्हणायचा, बघा, भक्त देवाच्या पायाशी बसला. प्रबुद्ध डोळे मिटायचा. गाणं ऐकण्याची त्याची ही पद्धत तेजलने आणि मीही उचलली होती. आम्ही तिघं स्पीकरला हात लावून बसायचो. हाताला ड्रम लागायचा. तेजल म्हणायची, असं ऐकल्यावर कळतं.

या वर्षी ‘पुनर्विकास’ला दहा वर्षं झाली. बँडने जाहीर केलं की सगळा अल्बम नव्याने मिक्स करून आणणार. तो रविवारी दुपारीच यायचा होता. आम्ही ठरवलं, पहिल्यांदा एकत्र ऐकायचं. तोवर कुणी काही वाचायचं नाही. प्रबुद्ध म्हणाला, मी घरी आधी ऐकून येतो. निहार म्हणाला, अजिबात नाही, काका, तयारी करून यायचं नाही. प्रबुद्ध म्हणाला, ठीक आहे.

तेजलने पडदे ओढले. अल्बम लावला. पहिली दोन गाणी जुन्यासारखीच होती, आवाज तेवढे साफ केलेले. तिसरं ‘संक्रमण शिबिर’. ड्रम तसाच आला. बास तसाच. मग जिथे बेंजो येतो तिथे काहीच आलं नाही.

खंडूचं बँडशी फाटलं होतं, ते आम्हाला माहीत होतं. पण त्यांनी बेंजो काढूनच टाकला होता. त्याच्या जागी लांब ओढलेली गिटार होती. साफ, सुरात. मी निहारकडे पाहिलं. त्याचाही चेहरा पडला होता. इतकी वर्षं तो ज्याला शिव्या देत होता तोच नव्हता.

मी प्रबुद्धकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. एक तळवा स्पीकरवर होता. दुसऱ्या हाताची बोटं बाकावर चालत होती, कळांवर चालतात तशी. बेंजोचा तुकडा तो बोटांनी पुरा वाजवत होता. चेहऱ्यावर समाधान होतं.

गाणं संपलं. तो सगळ्यांच्या आधी बोलला.

“बघ निहार. बेंजो अजून वर आणलाय. आता बोल बेसूर.”

पंख्याचा आवाज येत होता. मग निहार हसत सुटला. बाकावर हात आपटत म्हणाला, काय मारलंस यार. दहा वर्षांत यापेक्षा भारी टोमणा ऐकला नाही. तेजलही हसली. तिने ते वाक्य तिथल्या तिथे बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. काही मिनिटांत लोक ते पुढे पाठवू लागले. कुणीतरी लिहिलं, चार पानी समीक्षेपेक्षा हे एक वाक्य जड आहे.

प्रबुद्धही हसला. सगळ्यांच्या नंतर हसला. हसताना तो एकेकाचा चेहरा बघत होता. अंधारात जिना उतरताना पाय पुढची पायरी चाचपतो, तसा.

मी हसले नाही.

क्लासचा जिना अरुंद आहे. उतरताना तो पुढे होता. मी त्याच्या मागे होते. मी साध्या आवाजात म्हटलं, “त्यात बेंजो नव्हता, प्रबुद्ध.” तो उतरत राहिला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तो उतरत राहिला. खाली वळणावर मी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं.

तो पायरीवर बसला.

त्याला राग आला नाही. त्याने एवढंच विचारलं, की वरच्या दोघांना कळलं का. मी मान हलवली, नाही. त्यांना तो टोमणा वाटला, हे मी त्याला फोनवर लिहून दाखवलं. ते त्याने दोनदा वाचलं.

“आधी चिमण्या गेल्या,” तो म्हणाला. “मग कुकरची शिट्टी. मग आई. मला वाटायचं, आई हळू बोलायला लागलीय.”

मी विचारलं, आणि बेंजो?

“तो जात नाही,” तो म्हणाला. त्याने डोक्यावर बोट टेकवलं. “दुसरा अल्बम मी ऐकलेलाच नाही गं. तो आला तोवर उशीर झाला होता.”

मग त्याने सांगितलं. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. ड्रम अजून येतो, मोटर येते, ट्रक येतो. माणसाचं बोलणं म्हणजे त्याला पाण्याखालून येणारी गुणगुण. डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं. ते डबीत होतं, डबी कपाटात. कानात यंत्र घालून गेला तर कंपनी त्याला लिफ्टच्या टपावर चढू देणार नव्हती. टपावर चढता येत नाही तो मेकॅनिक नाही.

मला तेव्हा भीती वाटायला लागली. मी विचारलं, तू टपावर असतोस तेव्हा खालच्या माणसाचं तुला कसं कळतं?

त्यांच्या कामाची एक रीत आहे. एक जण लिफ्टच्या टपावर उभा असतो, बटणं त्याच्या हातात. दुसरा खाली खड्ड्यात, तिथल्या भिंतीवर लिफ्ट थांबवायचं एक लाल बटण. खालचा सांगतो, वर घे, खाली घे, थांब. वरचा तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो आणि मगच बटण दाबतो. परत म्हणायचं हे जोडीदाराच्या जिवासाठी. प्रबुद्ध टपावर असला की एक तळवा रुळावर ठेवायचा. बाळा खालून पान्याने ठोकायचा. एक ठोका थांब. दोन खाली. तीन वर. ठोका हाताला लागायचा. बाळाला सगळं माहीत होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

शिवाय कामाचा क्रम ठरलेला असायचा. आधी वरची मोटर, मग प्रत्येक मजल्याचं दार, शेवटी खड्डा. प्रबुद्ध म्हणाला, “अल्बमसारखं. एक संपलं की पुढचं काय ते पाठ आहे.”

मी म्हटलं, आजच्या गाण्यासारखं तिथेही काही बदललं तर?

तो म्हणाला, बाळाची बदली झालीय. अंधेरीला, मोठ्या टॉवरच्या कामावर. उद्यापासून नवा जोडीदार. मार्तंडकाका म्हणून, जुने, कडक.

मी म्हटलं, त्यांना सांग.

“सांगतो.”

सोमवारी मी लिहून विचारलं, सांगितलंस का. त्याचं उत्तर आलं नाही. मंगळवारी तेच. ग्रुपवर त्याचं वाक्य फिरत होतं. कुणी त्याचं स्टिकर केलं होतं. मी त्याच्या घरी गेले. तो नव्हता. वनमालाकाकूंनी चहा दिला. पाळण्यातली मुलं रडत होती. काकू म्हणाल्या, हल्ली हा माझ्याशी बोलत नाही बाई, काय बिनसलंय विचार तू. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. मी चहा अर्धा ठेवून उठले.

गुरुवारी सकाळी आमच्या इमारतीत लिफ्ट बंद असल्याचा फलक लागला. मी खाली आले तेव्हा तळमजल्याचं दार उघडं होतं आणि त्याला आडवी फळी लावली होती. शेजारच्या जयंतीकाकू भाजीची पिशवी घेऊन वॉचमनला विचारत होत्या, अजून किती वेळ. लिफ्टचा डबा वर होता. दाराच्या वरच्या अंगाला त्याचा तळ दिसत होता. प्रबुद्धला टपावर जायला जिना चढताना मी पाहिलं. मी हाताने विचारलं, सांगितलंस? तो म्हणाला, हो. मला काय विचारलंय ते कळून तो म्हणाला, की नुसतंच म्हणाला, हे मला समजलं नाही.

मार्तंडकाका खड्ड्यात होते. पन्नाशीचे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला. खड्ड्यात पाणी झिरपलं होतं, म्हणून त्यांनी काम खालून सुरू केलं होतं. मी फळीपाशी जाऊन म्हटलं, काका, एक मिनिट, तुमच्याशी बोलायचंय. त्यांनी वर न बघता हात केला. थांबा, बाई. मग डब्याचा तळ पाहून घेतला आणि आवाज दिला.

“वर घे.”

वरून प्रबुद्धचा आवाज आला. स्पष्ट, रीतसर.

“खाली घेतो.”

त्याने चुकीचं ऐकलं नव्हतं. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. पाठ असलेल्या क्रमात पुढे जे होतं ते तो म्हणाला होता.

मोटर सुरू झाली. डब्याचा तळ दाराच्या चौकटीत शटरसारखा उतरू लागला. मार्तंडकाका ओरडले, वर, अरे वर घे. मग ओरडले, थांब. डबा संथ गतीने उतरत होता. त्यांचं हेल्मेट खाली गेलं. ते वाकले असावेत. मला फक्त त्यांचा एक हात दिसत होता, भिंतीकडे ताणलेला.

मी ओरडले, “काका, त्याला ऐकू येत नाही. लाल बटण दाबा.”

खट्ट असा आवाज झाला. डबा थांबला. थोडा वेळ नुसता झुलत राहिला.

लॉबीत सगळ्यांनी माझं वाक्य ऐकलं. जयंतीकाकूंनी, वॉचमनने, पहिल्या मजल्यावर जिन्यात थांबलेल्या लोकांनी. वर टपावर एकट्या प्रबुद्धने ते ऐकलं नाही. त्याचा आवाज आला, शांत, “झालं का काका? पुढे घेऊ?”

मार्तंडकाका वर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर डब्याच्या तळाचं काळं ग्रीस लागलेलं होतं. त्यांनी वॉचमनकडे पाणी मागितलं. प्रबुद्ध जिन्याने उतरून आला आणि त्याने तो खांदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग खांद्याकडे.

मार्तंडकाका त्याच्या अगदी समोर उभे राहिले. तोंड नीट हलवत, हळू म्हणाले, “ऑफिसात तू सांगतोस, की मी सांगू?”

“मी,” प्रबुद्ध म्हणाला.

त्याने सांगितलं. त्याच दिवशी. त्याला कुर्ल्याच्या गोदामात बसवलं, सुटे भाग लावायला. पुढे काय ते कंपनी ठरवणार आहे. आईलाही सांगितलं. त्याने ते मला लिहून कळवलं. आई रडली नाही. ती म्हणाली, मला वाटलं तू मोठा झालास, म्हणून उत्तर देत नाहीस.

रविवारी आम्ही जमलो. निहार आणि तेजलला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. ते त्याचं होतं. निहारने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘बेंजो अजून वर आणलाय’. खाली प्रबुद्धचं नाव आणि दोन रेघा. तो आला तसा निहार उठून वाकून नमस्कार करत म्हणाला, या गुरुजी, आज उरलेल्या गाण्यांचा निकाल लावा. ग्रुपवर सगळे वाट बघतायत.

प्रबुद्धने फळा वाचला. त्याने शर्टाच्या खिशातून डबी काढली आणि बाकावर ठेवली. उघडली. आत ते छोटं यंत्र होतं.

“याने पंखा ऐकू येतो,” तो म्हणाला. “माणसं नाही.”

निहार म्हणाला, “चल ए.” मग त्याने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो बसला.

“हा अल्बम मी ऐकलेला नाही,” प्रबुद्ध म्हणाला. “दुसराही नाही.”

त्याने फळ्यावरचं आपलं नाव हाताने पुसलं. वाक्य तसंच राहू दिलं. मग थर्मास उचलला आणि पेले मांडले. निहार म्हणाला, अरे, ठेव ना. तो पाठीमागून म्हणाला, त्यामुळे ते पोचलं नाही. प्रबुद्धने त्याला चहा ओतला. मला ओतला. मग तेजलपाशी आला. डावा तळवा बाकावर टेकून, फळ्याकडे बघत तो ओतू लागला.

तेजलने मान खाली घातली होती. पेला अर्धा झाला तेव्हा ती म्हणाली, “बस.” चहा चढत राहिला. ती पुन्हा म्हणाली, “बस.” चहा काठाला आला. काठावरून बाकावर आला, डबीच्या दिशेने निघाला. निहार जागचा हलला नाही. कुणीच हललं नाही.

मी बाकावर मुठीने एकदा ठोकलं.

तो थांबला.